खिडकीच्या रंगाची मोटारसायकल

"तुमच्या नावावर परदेशातून एक मोटारसायकल आली आहे, ती ताबडतोब सोडवून न्या," असा कस्टमच्या कचेरीतून घरी फोन आला आणि तो नेमका माझ्या बायकोने उचलला.

मी त्या वेळी दवाखान्यात एका गृहस्थांच्या अक्कलदाढेशी झटत होतो. मी दातांचा डॉक्टर आहे. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. ती बँकेत कर्जविभाग सांभाळते, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे तिला तो चपला काढतानाच कळतं.

"कुणाची मोटारसायकल?" तिने विचारलं.

"माझी. पण ती खरी नाही."

"खोटी मोटारसायकल मागवलीस?"

"खोटी नाही गं. प्रतिकृती. सगळे भाग सुटे येतात आणि आपण जोडायचे. एकास चार माप."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीशी बसलेल्या तिच्या आईकडे पाहिलं. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे राहतात. आल्यापासून त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि दिवसाकाठी 'चालेल', 'नको' आणि 'बघू' एवढ्यावर भागवत. दुःखाने म्हणावं तर रडताना कुणी पाहिलं नव्हतं. बोलण्यासारखं काही उरलं नाही, अशा थाटात त्या गप्प होत्या. बायकोला त्याची फार काळजी वाटे. त्या दिवशी मात्र तिला आधाराची गरज होती.

"आई, ऐकलंस ना हे?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी कस्टमच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडच्या साहेबांनी कागद पाहिला आणि वाहन आयात करण्याचा परवाना मागितला.

"वाहन नाही ते," मी म्हणालो. "एकास चार आहे."

"म्हणजे चार गाड्या?"

"नाही, खऱ्या गाडीच्या एक चतुर्थांश."

"म्हणजे पाव गाडी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाव गाडीला चाकं किती?"

"दोन."

"इंजिन?"

"आहे. पण ते चालत नाही."

"मग ते भंगार झालं. भंगाराचा विभाग मागच्या इमारतीत आहे."

मागच्या इमारतीतल्यांनी सांगितलं की भंगार जुनं असावं लागतं, हे नवं कोरं आहे, तेव्हा पुढच्या इमारतीत जा. पुढच्या इमारतीत साहेब जेवायला गेले होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माझी दया आली. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, खेळणं आहे म्हणून सांगा ना. लगेच सोडतील."

आता इथे माझ्या स्वाभिमानाचा प्रश्न होता. जे लोक या छंदात आहेत ते याला कधीही खेळणं म्हणत नाहीत. खेळण्यात क्लचची तार नसते. खेळण्याच्या चाकातला एकेक आरा चिमट्याने ओवावा लागत नाही. हे सगळं मी त्या बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कचेरी बंद व्हायची वेळ झाल्याचं निदर्शनास आणून दिलं.

मी पुन्हा त्या पहिल्या खिडकीशी गेलो. "खेळणं आहे," मी म्हणालो.

"मोठ्याने सांगा, पंख्यात ऐकू येत नाही."

"खेळणं."

माझ्यामागची सगळी रांग पुढे वाकून बघायला लागली. साहेबांनी शिक्का उचलला आणि मध्येच थांबले. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो. शिक्का बसला.

खोकं प्रवासाच्या मोठ्या बॅगेएवढं होतं. त्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो भाग, इंजिनाचं धातूचं कवच, रबरी टायर आणि एक जाडजूड सूचनापुस्तक होतं. पुस्तकाची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती, पण चित्रं होती. प्रत्येक चित्रात एक हसरा माणूस काहीतरी जोडत होता आणि शेजारच्या चित्रात तोच माणूस तेच काम वेगळ्या रीतीने करत असून त्याच्यावर फुली मारली होती. पुढच्या काही आठवड्यांत मी त्या फुलीवाल्या माणसाच्या फार जवळ गेलो.

जेवणाच्या टेबलाशिवाय एवढं सगळं मांडायला घरात जागा नव्हती.

"किती दिवस लागतील?" बायकोने विचारलं.

"थोडे."

'थोडंसंच दुखेल' असं मी पेशंटना ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात मी ते म्हणालो. बायकोला तो आवाज चांगला ठाऊक आहे. तिने स्वतःचं ताट उचललं आणि मांडीवर घेतलं. तेव्हापासून आम्ही तिघं सोफ्यावर एका रांगेत बसून, आगगाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसारखे जेवू लागलो.

समोरच्या दारात एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना बातमी कळायला वेळ लागला नाही. त्यांनी जन्मभर पूल बांधले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या मोटारसायकलचा सांगाडा न्याहाळला आणि "पाया कच्चा आहे" असं मत दिलं. मोटारसायकलला पाया नसतो, चाकं असतात, हे मी नम्रपणे सांगितलं. "म्हणूनच त्या पडतात," ते म्हणाले.

तेव्हापासून ते रोज चहाच्या वेळी येत. त्यांच्या सूचना नेहमी पुलाला लागू पडतील अशा असायच्या, पण एक सूचना मी ऐकली. मडगार्डांना लावलेला डिंक ओला राहतो अशी मी तक्रार केली, तर ते म्हणाले, "कोरड्या उबेत ठेवा. ओव्हनमध्ये, चालू न करता." मी ठेवली. हे बायकोला सांगायचं मात्र राहिलं. तिने बँकेतल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभासाठी केक करायचा म्हणून ओव्हन तापत ठेवला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने मला अतिशय शांतपणे हाक मारली. ती शांतपणे हाक मारते तेव्हा मी धावतच जातो.

दोन्ही मडगार्डं जाळीवर पसरून खाली ओघळली होती. केक बाजारातून आणावा लागला.

पण मी हात टेकले नाहीत. कवळीच्या हिरड्या ज्या मसाल्याच्या करतात तो माझ्याकडे भरपूर होता. दवाखान्यात दुपारी पेशंट नसताना मी त्याची दोन मडगार्डं ओतली, घासली, गुळगुळीत केली. मापाला ती तंतोतंत बसली. फक्त रंग हिरड्यांचा गुलाबी होता. इंजिनिअरसाहेब ती पाहून म्हणाले, "हसल्यासारखी वाटते गाडी."

तेव्हा रंग देणं भाग होतं, आणि रंगकाम म्हणजे या छंदाचा आत्मा. मी गडद लाल रंग निवडला. दवाखान्यातला छोटा कॉम्प्रेसर घरी आणला, न्हाणीघरात कागद लावले, डोक्याला ऑपरेशनची टोपी, तोंडाला मास्क, डोळ्यांवर दात तपासायची भिंगं, अंगात एप्रन अशा तयारीने आत शिरलो आणि दार लावून घेतलं. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. मी इतका रमलो की थिनरचा वास न्हाणीघरामागच्या हवेच्या पोकळीतून सगळ्या मजल्यांवर पोचला आहे हे मला कळलंच नाही. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना कळलं. त्यांनी गॅस गळतोय असं जाहीर करून सगळ्यांना खाली उतरवलं आणि गॅसवाल्याला बोलावून घेऊन एकेक दार ठोठावत आमच्यापर्यंत आले.

मी दार उघडलं. हात कोपरापर्यंत लाल होते, एप्रनवर लाल शिंतोडे होते आणि हातात एक बारीक अणकुचीदार हत्यार होतं. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले.

"घरात कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आणि सासूबाई."

"त्यांना जरा बाहेर बोलवा."

"त्या फारशा बोलत नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य त्या प्रसंगी टाळायला हवं होतं.

सेक्रेटरींनी गॅसवाल्याला पुढे केलं. गॅसवाल्याने सेक्रेटरींना पुढे केलं. एवढ्यात सासूबाई स्वतःच आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावरून विचारलं.

"आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर सूचना लागली: राहत्या घरात वाहनांची दुरुस्ती व रंगकाम करू नये. आमच्या इमारतीतली जी मंडळी माझ्याकडे दात दाखवायला येत, ती त्यानंतर बरेच दिवस दात दुखत असूनही मला पाहून तोंड मिटून हसत.

पण ती लाल झालेली पेट्रोलची टाकी. तिचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, तरी मी त्या काळात ते पुष्कळांना ऐकवलं. दात चकचकीत करायच्या पेस्टने आणि रबरी फिरकीने मी तिला अशी झिलई आणली की तिच्यात खोलीतला दिवा, खिडकी आणि माझा चेहरा स्पष्ट दिसे. तिचे फोटो मी पेशंटना दाखवू लागलो. तोंडात कापूस असल्यामुळे कुणी विरोध करत नसे. शहरातल्या छंदप्रेमींचं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्यात 'आपल्या कल्पनेने सजवलेली वाहने' असा गट होता. मी नाव नोंदवलं. बक्षीस मिळणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आणि हे मी दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना, औषधं विकणाऱ्या प्रतिनिधींना, इंजिनिअरसाहेबांना आणि शेवटी सेक्रेटरींनासुद्धा सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी टाकी सांगाड्यावर बसवली आणि मागे सरकून पाहत उभा राहिलो. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. सासूबाई होत्या.

त्यांनी गाडीभोवती टेबलाच्या कडेने एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "हीच गाडी आमच्याकडे होती."

मी आणि बायको दोघंही थबकलो. महिनोन्‌महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आलं नव्हतं.

"बाबांची?" बायकोने विचारलं. "मला काळी आठवते."

"हिरवी होती. तुला कुठलं आठवणार, तू शाळेत जायच्या आधीच विकली." मग त्या माझ्याकडे वळल्या. "एवढी चकचकीत नव्हती, डॉक्टर."

सासूबाई मला एरवी 'जावईबापू' म्हणतात. 'डॉक्टर' म्हणाल्या की काहीतरी चुकलं आहे असं समजायचं.

सासरे जमीनमोजणी खात्यात होते. मोजणीची दुर्बीण, तिची तिपाई आणि साखळ्या मागे बांधून ते गावोगाव हिंडत. त्या गाडीचा मूळचा रंग उन्हापावसाने गेला तेव्हा त्यांनी घराच्या खिडक्या रंगवून उरलेला हिरवा रंग तिला लावला होता.

"ब्रशने?" मी विचारलं. माझा आवाज जरा चिरकला असावा.

"मग कशाने लावणार?"

रात्री जेवताना सासूबाईंनी आणखी सांगितलं. बैठकीला एका कोपऱ्यात कातड्याचं ठिगळ होतं. मागचा दिवा तारेने बांधलेला होता. टाकीला डाव्या बाजूला पोचा होता. त्या बोलत होत्या आणि बायको घास हातात धरून ऐकत होती. त्या झोपायला गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"आईला तशी करून दे ना."

"प्रदर्शन तोंडावर आलंय," मी म्हणालो. "आणि तू ती झिलई पाहिलीस ना?"

"पाहिली. सुंदर आहे." ती खरंच मनापासून म्हणाली. "पण आज ती पाच मिनिटं सलग बोलली."

मी टाकीकडे पाहिलं. टाकीत माझा चेहरा दिसत होता आणि तो फार उदात्त नव्हता. सेक्रेटरींना आता काय तोंड दाखवायचं, याचा तो विचार करत होता. पण बायको नुसती बसून राहिली, आणि असं बसणं माझ्याच्याने सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी ती टाकी स्वतःच्या हाताने थिनरच्या भांड्यात सोडली. लाल रंग ढगासारखा वर आला. मदतनीस बाई म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी देऊ का?"

सासूबाईंना घेऊन मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने हिरव्या रंगांचं पुस्तक उघडलं. त्यांनी सगळी पानं उलटली आणि बंद केलं.

"यात नाही. थोडा मळकट हवा."

"मळकट रंग आम्ही ठेवत नाही, आजी," दुकानदार दुखावला. "आमचे सगळे ताजे असतात."

शेवटी त्याने काउंटरवर डबे उघडून कालवायला घेतलं. सासूबाई समोर उभ्या राहून "काळा घाला", "पुरे", "आता पिवळा, चिमूटभर" असं सांगत होत्या. तो जमला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. दुकानदाराने कपाळ पुसलं आणि हा रंग पुन्हा मागायला येणार असाल तर आधी कळवा, असं मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी घरी येऊन ब्रशने रंग लावला. हाताला सवय असल्यामुळे तो सफाईने बसला.

"फार चांगला झालाय," सासूबाई नाराजीने म्हणाल्या. मग माझ्या हातातून ब्रश घेऊन त्यांनी टाकीवरून एक आडवा हात मारला. कडेला रंग साचला, ब्रशचा एक केस त्यातच चिकटून राहिला. त्या जरा मागे सरल्या. "हां. ह्यांचा हात असाच होता."

तो केस काढायला माझी बोटं शिवशिवत होती. मी हात खिशात घातले.

ठिगळ झालं, तारेने बांधलेला दिवा झाला, आणि शेवटी पोचा उरला. गरम पाण्याने टाकी मऊ करून मी दात काढायच्या पकडीची मूठ तिच्या कुशीवर दाबली. इंजिनिअरसाहेब चहा घेत बघत होते. त्यांच्या आयुष्यात कुणी मुद्दाम पोचा पाडताना त्यांनी पाहिला नव्हता.

"अजून," सासूबाई म्हणाल्या.

मी दाबलं.

"अजून थोडा. दगडावर पडली होती."

"बाबा पडले होते?" बायकोने काळजीने विचारलं. "मला कधी सांगितलं नाहीस."

"ते कशाला पडतील? ते जपून चालवायचे."

"मग कुणी पाडली?"

सासूबाईंनी टाकीवरून बोट फिरवून पोचा नीट बसला आहे का ते पाहिलं. "मी," त्या म्हणाल्या. "शिकत होते तेव्हा."

इंजिनिअरसाहेबांनी कप हलकेच बशीत ठेवला.

"तुला मोटारसायकल येते?" बायको म्हणाली.

"यायची. कालव्याच्या कडेने सरकारी रस्ता होता, त्यावर कुणी नसायचं. रविवारी ह्यांची मोजणी असली की मी बरोबर जायचे. एकदा म्हटलं, मला बघू द्या. हे नको नको म्हणाले. मग दिली. पुढे सगळे रविवार मीच चालवायचे."

"आणि बाबा?"

"मागे बसायचे."

"हे केव्हा? माझ्या आधी?"

"आधी आणि नंतरही."

"नंतर म्हणजे? मी कुठे असायचे?"

"मध्ये," सासूबाई म्हणाल्या. "झोपायचीस. गाडी सुरू झाली की लगेच."

माझ्या बायकोने मला आजवर कधी दुचाकी घेऊ दिलेली नाही. पुढच्या चौकातल्या दुकानात मी सायकलवर निघालो तरी ती गॅलरीत येऊन उभी राहते. ती खुर्चीत बसली आणि तिने बराच वेळ आपल्या आईकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कुणी तारण न ठेवता तिच्या बँकेतून मोठं कर्ज उचलून नेलं आहे. मग तिला हसू फुटलं. ती हसतच राहिली, आणि सासूबाईही हसल्या. त्यांचे वरचे दोन दात जरा पुढे आहेत हे मी तोपर्यंत पार विसरलो होतो. दातांच्या डॉक्टरला हे इतक्या महिन्यांत दिसलं नाही, कारण त्या महिन्यांत त्या हसल्याच नव्हत्या.

मग गाडीवर माणसं बसवणं ओघाने आलं. ही सूचना बायकोची. कवळीचे साचे ज्या मेणात करतात त्यातून मी तीन आकृत्या कोरल्या. अंग, हात, पाय, डोक्याला धुळीसाठी बांधलेला सासूबाईंचा रुमाल, हे सगळं जमलं. चेहऱ्यांत मात्र माझा धंदा आडवा आला. सासऱ्यांचा चेहरा पुरा झाला तेव्हा ते दोन्ही जबडे उघडून हसत होते आणि दाताशेजारी दात, दाढांसकट, विलक्षण सुबक होता.

"बाबा असे कधीच हसले नाहीत," बायको म्हणाली.

"पण दात बघ ना."

"मिटव तोंड त्यांचं."

मी मिटवलं. मग सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि सांगत गेल्या, मी करत गेलो. ह्यांची हनुवटी अशी नव्हती. हात कमरेला नाही, खांद्यावर. घट्ट धरायचे, माझे खांदे दुखायचे नंतर. पोरगी अशी कलंडलेली हवी, तोंड माझ्या पाठीत. कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या. जेवणाचं टेबल कधी मोकळं होणार हे विचारायचं बायकोने सोडून दिलं होतं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. माझ्या डाव्या हाताला एक आगीचा बंब होता, ज्याची शिडी बटण दाबताच वर जाई आणि भोंगा वाजे. उजव्या हाताला चंदेरी रंगाची शर्यतीची गाडी होती. तिच्यात माझा चेहरा दिसत होता. मध्ये आमची मळकट हिरवी मोटारसायकल, ठिगळाची, पोचा आलेली, रंगात ब्रशचा केस अडकलेली. सेक्रेटरी आवर्जून आले होते. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि "लाल होती ना?" एवढंच विचारलं.

परीक्षक गंभीर चेहऱ्याचे होते. त्यांनी वाकून टाकी पाहिली. "रंगकाम कच्चं आहे. ब्रशचे फटकारे दिसतात."

"दिसायलाच हवेत," माझ्या मागून सासूबाई म्हणाल्या.

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकले. "पुढची आणि मागची आकृती उलटी बसलीय का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी भिंग काढलं. "पण काम अपुरं आहे, डॉक्टर. फक्त पुढच्या बाईंचे डोळे रंगवलेत. मागच्या दोघांचे राहिलेत."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण सासूबाई पुढे आल्या होत्या. सभागृहात तेव्हा बरीच माणसं होती आणि त्यांचा आवाज स्वच्छ, ठणठणीत होता.

"राहिले नाहीत. मिटलेले आहेत. पोरगी झोपलीय, आणि मी चालवायला लागले की हे डोळे मिटून घ्यायचे. घरी पोचलो की उघडायचे."

"दर वेळी?" परीक्षकांनी विचारलं.

"दर वेळी. पण 'थांब' म्हणून कधी म्हणाले नाहीत."

शेजारी बंबाचा भोंगा वाजत होता. मग परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं आणि सासूबाईंना विचारलं, "गिअर पायाचा होता की हाताचा?" त्यानंतर ते दोघं जे बोलत उभे राहिले, त्यात शर्यतीच्या गाडीचं परीक्षण करायचं राहून गेलं आणि तिच्या मालकाने तक्रार केली.

बक्षीस बंबाला मिळालं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून 'छंद महत्त्वाचा' वगैरे सांगितलं तेव्हा तर फारच वाटलं.

परत निघालो तेव्हा बायको मोटारसायकल मांडीवर घेऊन गाडीत मागे बसली. सासूबाईही नेहमी मागेच बसतात. त्या दिवशी त्यांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्याशेजारी बसल्या. पट्टा लावला, काच खाली केली. मी गाडी सुरू केली. रस्त्याला लागलो, चढ आला, तो चढून गेलो. त्या समोर बघत होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "गिअर फार उशिरा बदलता तुम्ही. इंजिन रडतं."

मी वीस वर्षं गाडी चालवतो आहे आणि मला हे कुणीही सांगितलेलं नाही. मी आरशात पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"हो, आई," मी म्हणालो, आणि पुढचा गिअर जरा लवकर टाकला.